आईची म्हैसूर सिल्क आणि उसवलेला किमोनो

म्हैसूरहून बोलते आहे. आजच्या भागात माझ्यासमोर टेबलावर दोन कापडं आहेत. हे पुस्तकात वाचणाऱ्यांना ती दिसणार नाहीत, म्हणून आधी सांगून टाकते.

पहिलं कापड आहे आईची साडी. अंजिरी रंग, अंगभर काही नाही, काठाला साधी जर. 1968 साली वडील सांगलीहून म्हैसूरचा दसरा बघायला आले होते, तेव्हा सरकारी रेशीम कारखान्याच्या दुकानातून त्यांनी ती घेतली. आईने ती पंचवीस-तीस वर्षं नेसली आणि पुढे तितकीच वर्षं कपाटात जपली. जपली म्हणजे एकाच घडीत ठेवली. त्यामुळे प्रत्येक घडीवर ती विरली आहे. उचलली की पट्ट्या सुटतात.

दुसरं कापड म्हणजे पट्ट्यांची एक वळकटी आहे. जेमतेम चौदा इंच पन्ह्याच्या, लांबच लांब रेशमी पट्ट्या. राखाडी-निळ्या जमिनीवर पांढरी फुलं. हा जपानी किमोनो आहे. म्हणजे होता. तो मला मिळाला तेव्हाच उसवलेला होता.

आई गेल्यावर साडी माझ्याकडे आली, आणि मी ताईला फोनवर म्हटलं, "हिचे उशांचे अभ्रे करूया का? दोघींकडे एकेक राहील." ताई म्हणाली, "विरली तर विरू दे. आईच्या साडीला कात्री लावायची नाही." त्यावर आम्ही दोघी जवळजवळ वर्षभर भांडलो. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे भांडणात जिंकण्यासाठी म्हणून मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता ही दोन्ही कापडं एकमेकांची कोण लागतात ते कळत गेलं. आजचा भाग त्यावर.

उसवलेलं म्हणजे फाटलेलं नव्हे

आधी किमोनोची गोष्ट. 1991 ते 2007 या काळात जपानच्या जायका या संस्थेच्या मदतीने म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत मोठं काम चाललं होतं. त्याकडे पुढे येतेच. त्या वर्षांत जपानी तज्ज्ञांची कुटुंबं आमच्या गावात राहायची. त्यांतल्या एक बाई आमच्या गल्लीच्या टोकाला होत्या. त्यांना माझं शिवणयंत्र फार आवडायचं. परत जाताना त्यांनी ही वळकटी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी दिली.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. एवढी ओळख, आणि जाताना चिंध्या देऊन गेल्या! मी ती वळकटी ट्रंकेत टाकली. पुढे बऱ्याच वर्षांनी किमोनो कसा शिवतात ते वाचलं आणि लाज वाटली.

किमोनोचं कापड विणतात तेच मुळी अरुंद. साधारण 36 सेंटिमीटर पन्हा आणि सुमारे 12 मीटर लांबी. एका माणसाचा एक किमोनो होईल एवढा हा तागा असतो, त्याला तान्मोनो म्हणतात. आपलं नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे लांबीला तान्मोनो त्याहून मोठा. मग तो सरळ रेषेत कापायचा. पाठपोटाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकावर एक येणाऱ्या भागाचे दोन आणि गळपट्टीचे दोन, असे आठ तुकडे. गळ्याला गोलाई नाही, काखेला वळण नाही. सगळे तुकडे आयताकृती. माणूस बुटका असला तर जास्तीचं कापड कापत नाहीत, आत दुमडतात. शिवण हाताची, साध्या धावदोऱ्याची.

हे असं का? तर पुन्हा उसवता यावं म्हणून. रेशमी किमोनो धुवायचा झाला की शिवण उसवायची, आठ तुकडे टोकाला टोक जोडून पुन्हा लांब तागा करायचा, तो धुवायचा, ताणून वाळवायचा आणि परत शिवायचा. या पद्धतीला आराइहारी म्हणतात. शिवताना आतली बाजू बाहेर घेता येते, वरचा विटलेला भाग खाली नेता येतो. आईचा किमोनो लेकीच्या मापाने शिवता येतो. अगदीच जीर्ण झाला की त्याचं अस्तर, मग बटवा, मग गाठोड्याचा रुमाल.

म्हणजे त्या बाईंनी मला चिंध्या दिल्या नव्हत्या. पुढच्या माणसाने शिवावा म्हणून किमोनो तयार करून दिला होता.

हे वाचलं तेव्हा मला आपली साडीच आठवली. साडीलाही शिवण नाही. माप नाही. आजीची नातीला बसते. जुनं लुगडं झालं की त्याची गोधडी होते, कुंची होते, दुपटं होतं. उत्तर कर्नाटकात याच गोधडीला कौदी म्हणतात. कोकणात वाकळ म्हणतात. कारवारच्या वरच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी बायका अशाच तुकड्यांच्या कवंदी शिवतात. जपानच्या गरीब शेतकऱ्यांच्या घरी ठिगळावर ठिगळ लावलेल्या कपड्यांना बोरो म्हणतात आणि त्यावरच्या धावदोऱ्याला साशिको. बोरोचा साधा अर्थ लक्तरं. आज तेच बोरो संग्रहालयात काचेच्या मागे असतात. आमच्या आजीची गोधडी मात्र शेवटी ओसरीवर पायपुसणं होऊन संपली.

म्हैसूरच्या रेशमात जपान कुठून आला

आता दुसऱ्या कापडाकडे येऊ. म्हैसूर सिल्क म्हटलं की आपल्याला राजवाडा, दसरा, चंदन आठवतं. सगळं इथलंच, शुद्ध. पण हे रेशीम शोधत मागे गेलं की दर वळणावर कुणीतरी पाहुणा भेटतो.

म्हैसूर राज्यात रेशमाची शेती जोमाने सुरू केली टिपू सुलतानाने, 1780 च्या दशकात. त्याने रेशमाचे किडे आणायला माणसं थेट बंगालला पाठवली होती. या हवेत किडे तगले आणि पिढ्यान् पिढ्या इथलेच झाले. त्यांना आज शुद्ध म्हैसूर जात म्हणतात. कोष लहान, टोकदार, हिरवट पिवळा. वर्षात पाच-सहा पिढ्या होतात. उन्हाळा सोसतो, रोग सोसतो. पण एका कोषातून धागा निघतो तो साधारण चारशे मीटर.

1860 च्या दशकात इथल्या किड्यांवर रोग आला. त्याच सुमारास युरोपातही किड्यांचा मोठा रोग होता आणि इटलीचे व्यापारी निरोगी अंड्यांसाठी जपानला जात होते. कारण 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं होतं. कागदाच्या पुठ्ठ्यावर चिकटलेली अंडी जहाजांतून येत. दे वेक्की नावाच्या एका इटालियन गृहस्थाने बंगळूरजवळ रेशमाचा उद्योग उभारला होता, त्याने अशीच जपानी अंडी इकडे आणली. जपानशी आपल्या रेशमाची ही पहिली मोठी गाठ.

दुसरी गाठ जमशेदजी टाटांची. 1893 मध्ये ते जपानला गेले होते. योकोहामाहून पुढे जाताना त्याच जहाजावर स्वामी विवेकानंद होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जपानने रेशमाचं काय केलं ते टाटांनी पाहिलं. तिथे 1872 मध्येच तोमिओका इथे सरकारने फ्रेंच यंत्रांवर चालणारी रेशीमगिरणी काढली होती. परत आल्यावर टाटांनी बंगळूरला रेशीमबाग सुरू केली. म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी जमीन दिली, वर्षाला मदत दिली. शिकवायला जपानहून एक तज्ज्ञ आणि त्यांची पत्नी आली. पुढे ही बाग साल्व्हेशन आर्मीकडे गेली. बाग कधीच संपली, पण बसवनगुडीजवळच्या त्या भागाला बंगळूरकर आजही टाटा सिल्क फार्म म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं.

तिसरी गाठ सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. यांना आपण मराठी माणसं निम्मे आपलेच मानतो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ते इंजिनिअर झाले, नाशिक-धुळ्याकडे नोकरी केली, खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. मुंबई सरकारच्या नोकरीत असतानाच, 1898 मध्ये, ते जपान पाहून आले. 1912 ते 1918 ते म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या काळात रेशमासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, चन्नपट्टणला इटालियन तज्ज्ञ आणून काम सुरू झालं. आणि त्याच 1912 मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी म्हैसूरला रेशीम विणण्याचा कारखाना काढला. माग स्वित्झर्लंडहून आले. सुरुवातीला कापड राजघराण्यासाठीच निघायचं. स्वातंत्र्यानंतर कारखाना सरकारचा झाला आणि 1980 मध्ये कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे गेला. मानंदवाडी रस्त्यावर तो आजही चालू आहे. आईची साडी तिथलीच.

1920 च्या दशकात म्हैसूर सरकारकडे योनेमुरा नावाचे जपानी तज्ज्ञ होते. त्यांनी आणि नवरत्न राम राव यांनी मिळून रेशीम किड्यांच्या संगोपनावर हस्तपुस्तिका लिहिली. राम राव हे संस्थानचे अधिकारी. कन्नड वाचकांना ते त्यांच्या 'केलवु नेनपुगळु' या आठवणींमुळे माहीत आहेत. या काळात इथली काटक मादी आणि परदेशी जातीचा नर असा संकर रुजत गेला. संकरित किड्यांची ही युक्तीही जपानचीच. तोयामा कामेतारो या शास्त्रज्ञाने 1906 मध्ये सुचवलं होतं की दोन जातींची पहिली संकरित पिढी आईबापांपेक्षा सरस निघते, तर शेतकऱ्याला तीच अंडी द्या. पुढे दशकानुदशकं म्हैसूरच्या शेतकऱ्याने वाढवलेला किडा म्हणजे म्हैसूरची आई आणि जपानी वंशाचा बाप.

तेव्हा 1968 च्या त्या अंजिरी साडीचा धागा कुठल्या किड्याने काढला असेल? बहुधा अशाच संकरित किड्याने. ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आईची साडी अर्धी जपानी?" म्हटलं, "धाग्यापुरती."

शिकवणाराच मारायला उठला

इथवर गोष्ट गोड आहे. गुरू-शिष्याची वाटते. पण तशी ती नाही.

1909 च्या सुमाराला जपानने चीनला मागे टाकलं आणि तो कच्च्या रेशमाचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला. त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिका. 1929 मध्ये अमेरिकेत मंदी आली, रेशमाचे भाव कोसळले. डिसेंबर 1931 मध्ये जपानने येन सोन्यापासून सोडवला आणि येनची किंमत घसरली. म्हणजे जपानी माल बाहेर आणखी स्वस्त झाला. अमेरिकेत न खपलेलं रेशीम, रेशमी कापड आणि कृत्रिम रेशीम हिंदुस्थानच्या बंदरांत येऊ लागलं. योकोहामा आणि कोबेला हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्याच, त्यांत सिंधी पुष्कळ. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर त्यांतले बरेच कोबेला गेले होते. माल आणायची वाट तयार होती.

मुंबईतल्या, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त जपानी कापड मिळालं म्हणून आनंद झाला असेल. पण रामनगर, चन्नपट्टण, कोल्लेगाळकडच्या शेतकऱ्याचं काय? तुतीची झुडपं वर्षानुवर्षं जपायची, दिवसातून चार-पाच वेळा पाला घालायचा, आणि कोष विकायला नेले की मजुरीही निघायची नाही. ज्या देशाच्या पद्धती शिकून हा धंदा सुधारला त्याच देशाच्या मालाने तो बुडायला आला. शेवटी टॅरिफ बोर्डाने 1933 मध्ये रेशीमशेतीची चौकशी केली आणि 1934 मध्ये बाहेरच्या रेशमावर संरक्षक जकात बसली. ती पुरेशी नव्हती अशी तक्रार पुढेही चालूच राहिली.

मग दुसरं महायुद्ध आलं. जपानचं रेशीम बंद झालं आणि हवाई छत्र्यांसाठी रेशीम हवं म्हणून म्हैसूरच्या रेशमाला एकदम मागणी आली. जपानच्या मालामुळे मरायला टेकलेला धंदा जपानशी झालेल्या युद्धामुळे जगला. इतिहास शिकवताना अशा जागा आल्या की वर्गातली मुलं हसायची. मी म्हणायची, हसू नका, यात कुणाची तरी चूल विझते आणि कुणाची तरी पेटते.

जपानातही फार वेगळं घडलं नाही. युद्धाच्या तोंडावर नायलॉन आलं आणि अमेरिकन बायकांच्या मोज्यांमधलं रेशीम संपलं. युद्धानंतर रोज किमोनो घालणंही मागे पडलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेइसेन नावाचे झगझगीत नक्षीचे, परवडणारे रेशमी किमोनो तिथल्या मध्यमवर्गात घरोघर होते. पन्नाशीच्या दशकानंतर तेही कमी होत गेले. कपाटं भरलेली आणि घालणारं कुणी नाही, म्हणून आज जुन्या किमोनोंचं कापड जगभर विकत मिळतं आणि त्याचे अभ्रे, बटवे, टेबलावरचे पट्टे होतात. आपल्याकडे याच काळात जपानी साडी म्हणजे नायलॉन किंवा जॉर्जेटची, सुरकुती न पडणारी, मिरवायची साडी. आईकडेही एक होती. ती अजून शाबूत आहे, आणि तिच्याबद्दल भांडण मात्र कुणी केलं नाही!

जायकाचं काम या सगळ्याच्या नंतरचं. 1991 पासून पंधरा-सोळा वर्षं जपानी आणि इथले शास्त्रज्ञ एकत्र बसले. या उष्ण हवेत तगतील असे, पांढऱ्या कोषाचे, एका कोषातून हजार मीटरच्या आसपास धागा देणारे किडे त्यांनी तयार केले. तोवर जपानमधली रेशीमशेती ओसरली होती. स्वतःच्या देशात जे ज्ञान वापरायला शेतकरी उरला नाही ते ज्ञान ती माणसं म्हैसूरला देऊन गेली. माझ्या गल्लीतल्या बाई त्या कुटुंबांपैकी. स्वतः कधी घालणार नाही तो किमोनो त्यांनी उसवून मला दिला, याचा अर्थ मला आता जास्त कळतो.

ते आपलं कापड कसं जपायचे

ताईशी भांडताना माझ्या हाती सगळ्यात मोठा पुरावा लागला तो मात्र उलट दिशेचा. आपण जपानी कापडाचे बटवे शिवतो, पण जपानी लोक आपल्या कापडाचे बटवे चारशे वर्षांपासून शिवत आलेत.

सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि डच जहाजांतून कोरोमंडल किनाऱ्याचं छापील आणि रंगीत सुती कापड जपानला जायचं. छापील कापडाला तिथे सारासा म्हणत. रेघांच्या एका कापडाला सान्तोमे म्हणत, कारण ते साओ तोमेहून, म्हणजे मद्रासजवळच्या मैलापूरहून येई. हे कापड इतकं दुर्मीळ की अंगरख्याला परवडायचं नाही. मग चहाच्या समारंभातले जाणकार त्याचा वीतभर तुकडा मिळवत आणि चहापूड ठेवायच्या डबीसाठी त्याचा बटवा शिवत. त्याला शिफुकु म्हणतात. समारंभात पाहुणे डबीबरोबर त्या बटव्याचं कापडही विचारतात: कुठलं, कोणत्या नावाचं. जाणकारांच्या घरांतल्या नामांकित तुकड्यांना स्वतःची नावं असत. तुकड्यांच्या वह्या केलेल्या असत.

आपल्याकडेही कापडाच्या तुकड्याला मान होताच. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि संशोधक आजही कागद किती ते रुमालांवर मोजतात. पानसुपारीची चंची होती, आजीबाईचा बटवा होता. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला भरजरी शेल्याची चिंधी बांधली ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ. पण ते कापड कुणाचं, कुठलं, कधीचं, हे आपण लिहून ठेवलं नाही. दारात बोहारीण आली की चार साड्या देऊन पातेलं घेतलं. जरीची साडी असली तर जर जाळून चांदी काढणाऱ्याला वजनावर विकली. म्हैसूर सिल्कची जर खऱ्या चांदीची आणि वर सोन्याचा मुलामा असलेली, तिला भावही मिळायचा. भाव मिळाला आणि साडीची आठवण घराबाहेर गेली.

तेव्हा मला ताईला द्यायचं उत्तर सापडलं. कात्रीने साडी संपत नाही. ती कुणाची होती हे सांगणारं कुणी उरलं नाही की संपते. कपाटात घडीवर विरणारी आणि आम्ही दोघी गेल्यावर कुणाच्याही हाती पडणारी साडी कापली नाही तरी गेलीच.

शिवायला बसलात तर

ताई अखेर म्हणाली, "तू कर, पण पदर कापू नकोस." मी कबूल केलं. आता हाताने शिकलेलं थोडं सांगते, कारण तुमच्याही कपाटात अशी साडी असणार.

पहिलं, पाणी. मी सगळ्यात आधी किमोनोची एक पट्टी साबणाच्या पाण्यात बुचकळली आणि ती आखडून दोन इंचांनी अरुंद झाली. चूक माझीच. ते कापड चिरिमेन, म्हणजे क्रेप होतं. यात आडवा धागा खूप पीळ देऊन वापरतात, एक धागा डावीकडे पिळलेला, एक उजवीकडे. विणून झाल्यावर कापड उकळून रेशमाचा डिंक काढला की पीळ आखडतो आणि कापडावर बारीक कणी उठते. पुन्हा पाणी लागलं की तो पीळ पुन्हा आखडू पाहतो. म्हैसूर सिल्कची ओळख असलेली क्रेपही अशीच पीळदार धाग्याची. दोन्ही कापडं हातात घेऊन डोळे मिटले की ती कणी सारखी लागते. तेव्हा दोन्ही भिजवू नका. घाण असेल तर जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्या, नाहीतर सावलीत हवा द्या, मऊ ब्रशने झटका.

दुसरं, ताकद बघा. कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर तो भाग टाका. साडीत घड्यांच्या रेषा मरतात पण दोन घड्यांमधला भाग चांगला असतो. मी खडूने घड्यांच्या रेषा आखल्या आणि मधले आयत तेवढे घेतले. शिवण्याआधी मागून पातळ मलमल हाताने टाचली, म्हणजे ताण मलमलीवर येतो, रेशमावर येत नाही.

तिसरं, पन्हा. किमोनोची पट्टी चौदा इंच. शिवणीत थोडं गेलं की एका पट्टीत बारा-तेरा इंची उशीचा अभ्रा बसतो. सोळा इंची हवा तर जोड द्यावाच लागतो. मी तो जोड आईच्या साडीचा दिला. मधे किमोनो, दोन्ही बाजूंना अंजिरी पट्टी, आणि जोडावर गोधडीचा धावदोरा. जुन्या शिवणीची भोकं इस्त्रीने जात नाहीत. ती झाकायच्या भानगडीत पडू नका. बारीक सुई, रेशमी किंवा बारीक सुती दोरा, इस्त्री उलट्या बाजूने आणि मंद. जर असलेला भाग जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. अत्तर आणि डांबराच्या गोळ्या त्याच्या जवळ नकोत, जर काळी पडते.

आणि चौथं, ज्यासाठी मी हा भाग केला. अभ्र्याच्या आत, चेनच्या बाजूला, एक पांढरी सुती पट्टी शिवा. त्यावर न जाणाऱ्या शाईने किंवा दोऱ्याने लिहा: कापड कुणाचं, कुठे घेतलं, साल काय. कारखान्याच्या हल्लीच्या साड्यांवर क्रमांक असतो, तो असला तर तोही. आमच्या अभ्र्यांवर लिहिलं आहे: आईची साडी, म्हैसूर, 1968. किमोनो, म्हैसूरलाच मिळाला. नातीने विचारलं, "किमोनो म्हैसूरला कसा काय?" झालं, पट्टीचं काम झालं.

चार अभ्रे झाले. दोन ताईला पाठवले. पदर अख्खा आहे, तो मलमलीत माझ्याकडे आहे आणि दर तीन महिन्यांनी मी त्याची घडी बदलते. ताईने अभ्रे मिळाल्याचा फोन केला. आधी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "धावदोरा आईसारखा येत नाही तुला. टाके मोठे घेतेस."

जपानात फेब्रुवारीच्या आठ तारखेला, काही भागांत डिसेंबरच्या आठला, वर्षभरात मोडलेल्या सुया मऊ तोफूत खोचून त्यांचे आभार मानतात. याला हारी-कुयो म्हणतात. कष्टाचं काम केलेल्या सुईला शेवटी मऊ जागा. आमच्या म्हैसूरला नवमीच्या आयुधपूजेला शिवणयंत्राला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतात. यंदा मी यंत्राजवळ कात्रीही ठेवली. वर्षभर तिच्यावरून भांडण झालं, म्हटलं तिलाही एक फूल.

तुमच्या कपाटात अशी एखादी साडी असेल तर कापा किंवा कापू नका, ते तुम्ही आणि तुमची ताई ठरवा. पण आज ती बाहेर काढा, घडी बदला, आणि ती कुणाची ते एका कागदावर लिहून आत ठेवा. बेळगाव, इंदूर, बडोदा, तंजावर, जिथे कुठे असाल तिथे. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.